बौद्धिक संपदा वकील

बौद्धिक संपदा वकील म्हणजे व्यापारचिन्ह, पेटंट, प्रताधिकार, औद्योगिक संकल्पचित्र आणि भौगोलिक मानांकन या हक्कांची नोंदणी, संरक्षण व त्यांविषयीचे वाद यांत विशेष काम करणारा कायदेतज्ज्ञ होय. यांपैकी मुख्यतः व्यापारचिन्हांचे काम पाहणाऱ्यास व्यवहारात 'ट्रेडमार्क वकील' असे म्हणतात. भारतात हा व्यवसाय दीर्घकाळ मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या महानगरांत एकवटलेला होता. नोंदणीची संगणकीकृत पद्धत, जिल्हा पातळीवरील वाणिज्य न्यायालये आणि औद्योगिक वसाहतींची वाढ यांमुळे तो मध्यम शहरांतही रुजू लागला. छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज औद्योगिक क्षेत्र आणि त्यातील बजाजनगर ही कामगार व लघुउद्योजकांची वसाहत हे अशा परिसराचे उदाहरण आहे. या लेखात भारतातील या व्यवसायाचे स्वरूप, त्यासाठी लागणारी पात्रता, कारकिर्दीचे टप्पे आणि औद्योगिक परिसरातील त्याचे महत्त्व यांची माहिती दिली आहे.

## कार्यक्षेत्र

बौद्धिक संपदेतील प्रत्येक हक्काचा उगम, मुदत आणि नोंदणीचे कार्यालय वेगवेगळे असते. व्यापारचिन्ह हे एका उत्पादकाचा माल किंवा सेवा दुसऱ्याच्या मालापासून वेगळी ओळखता यावी यासाठी वापरलेले नाव, अक्षर, आकृती, रंगसंगती किंवा त्यांचा मिलाफ असते. त्याची नोंदणी १० वर्षांसाठी असते आणि ठरावीक शुल्क भरून दर १० वर्षांनी तिचे नूतनीकरण करता येते. त्यामुळे योग्य रीतीने वापरलेले व्यापारचिन्ह पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकते. पेटंट नव्या शोधासाठी मिळते आणि त्याची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते. संकल्पचित्राचे संरक्षण वस्तूच्या दृश्य स्वरूपापुरते असून ते प्रथम १० व त्यानंतर आणखी ५ वर्षे मिळते. प्रताधिकार मात्र साहित्यकृती किंवा कलाकृती निर्माण होताच अस्तित्वात येतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही.

एकाच वस्तूवर यांपैकी अनेक हक्क एकाच वेळी असू शकतात. मसाल्याच्या पाकिटावरील नाव हे व्यापारचिन्ह, त्यावरील चित्र हा प्रताधिकाराचा विषय आणि बरणीचा विशिष्ट आकार हा संकल्पचित्राचा विषय ठरतो. ग्राहकाच्या व्यवसायात नेमके काय जपण्यासारखे आहे आणि ते कोणत्या कायद्याने जपता येईल हे ठरवणे, ही या वकिलाची पहिली जबाबदारी असते.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

भारतात पेटंटविषयक पहिला कायदा १८५६ मध्ये झाला. त्यानंतरच्या सुधारणांनी पेटंट आणि संकल्पचित्रे यांचा एकत्रित कायदा १९११ मध्ये आला. व्यापारचिन्हांच्या नोंदणीची स्वतंत्र तरतूद मात्र १९४० च्या कायद्यापर्यंत नव्हती. तोपर्यंत नावाची नक्कल झालेल्या व्यापाऱ्याला इंग्लिश सामान्य कायद्यातील 'पासिंग ऑफ' या तत्त्वाचा, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवण्यास मनाई करणाऱ्या तत्त्वाचा, आधार घ्यावा लागे.

स्वातंत्र्यानंतर व्यापार व पण्य चिन्ह अधिनियम, १९५८ हा कायदा आला. प्रताधिकार अधिनियम १९५७ चा असून पेटंट अधिनियम १९७० मध्ये संमत झाला व २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली आणि तिच्या बौद्धिक संपदाविषयक कराराने भारतावर नवी बंधने आली. त्यानुसार व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ आणि भौगोलिक मानांकन अधिनियम, १९९९ हे कायदे १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाले. १ जानेवारी २००५ पासून औषधे व रसायने यांसह सर्व क्षेत्रांत उत्पादन पेटंट देण्यास सुरुवात झाली. या दशकभरात कायद्याची ही शाखा काही मोजक्या जुन्या वकील कार्यालयांपुरती न राहता वकिलीचे एक स्वतंत्र क्षेत्र बनली.

२००३ मध्ये स्थापन झालेले बौद्धिक संपदा अपील मंडळ एप्रिल २०२१ मध्ये रद्द करण्यात आले आणि त्याचे अधिकार उच्च न्यायालयांकडे आले. त्यामुळे नोंदणी कार्यालयाच्या निर्णयांवरील अपिलांचे काम पुन्हा उच्च न्यायालयांत वकिली करणाऱ्यांकडे वळले.

## शिक्षण व पात्रता

व्यापारचिन्हांच्या क्षेत्रात वकील म्हणून काम करण्यासाठी विधी पदवी आवश्यक असते. ही पदवी बारावीनंतर ५ वर्षांच्या किंवा कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर ३ वर्षांच्या अभ्यासक्रमातून मिळते. त्यानंतर वकील अधिनियम, १९६१ नुसार राज्य वकील परिषदेकडे, म्हणजे या भागात महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे, नाव नोंदवून सनद घ्यावी लागते आणि २०११ पासून घेतली जाणारी अखिल भारतीय वकील परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. सनद असलेल्या वकिलाला व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयासमोर काम चालवण्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. वकील नसलेल्या व्यक्तीला मात्र ट्रेडमार्क एजंट म्हणून नोंदणी करावी लागते.

पेटंटच्या बाबतीत नियम निराळा आहे. पेटंट एजंट होण्यासाठी विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञान यांतील पदवी आणि पेटंट कार्यालयाची परीक्षा उत्तीर्ण होणे या अटी आहेत. केवळ विधी पदवीच्या बळावर पेटंटचा अर्ज तयार करून कार्यालयासमोर तो चालवता येत नाही, मात्र पेटंटविषयीचा दावा न्यायालयात कोणताही वकील चालवू शकतो. या फरकामुळे अभियांत्रिकीची पदवी घेऊन नंतर कायदा शिकलेल्यांना या क्षेत्रात विशेष मागणी असते.

छत्रपती संभाजीनगरमध्ये माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालय ही जुनी संस्था आहे. महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठाचे येथील अध्यापन २०१७ मध्ये सुरू झाले. शहरात अभियांत्रिकी महाविद्यालयेही असल्याने दोन्ही शाखांचे शिक्षण स्थानिक पातळीवर उपलब्ध आहे.

## कारकिर्दीचे टप्पे

बहुतेक नवोदित वकील प्रथम एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या कार्यालयात उमेदवारी करतात. या काळातील काम प्रामुख्याने शोधाचे आणि तारखांचे असते. प्रस्तावित नावासारखे चिन्ह आधी कोणी नोंदवले आहे का हे पाहणे, दर आठवड्याला प्रसिद्ध होणारे व्यापारचिन्ह नियतकालिक वाचून ग्राहकाच्या चिन्हाशी मिळतीजुळती चिन्हे टिपणे, उत्तरांच्या मुदती सांभाळणे आणि वापराचे पुरावे लावणे, ही कामे कनिष्ठ वकिलाकडे असतात. एका चुकलेल्या मुदतीने अर्ज सोडून दिल्याचे मानले जाऊ शकते, म्हणून या शाखेत मुदतींच्या नोंदवहीला मोठे महत्त्व आहे.

दुसऱ्या टप्प्यात वकील नोंदणी कार्यालयासमोरील सुनावण्या, हरकती आणि करारांचे मसुदे स्वतंत्रपणे हाताळू लागतो. पुढे त्याच्यासमोर साधारणतः तीन वाटा असतात. पहिली वाट न्यायालयीन वकिलीची असून तीत अंतरिम मनाई हुकुमाचे अर्ज व अपिले प्रमुख असतात. दुसरी वाट कंपनीच्या विधी विभागातील नोकरीची आहे. वकील परिषदेच्या नियमांनुसार पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही, त्यामुळे नोकरी स्वीकारताना सनद स्थगित ठेवावी लागते. तिसरी वाट स्वतंत्र सल्लागार कार्यालयाची आहे. मध्यम शहरांत ती अधिक आढळते, कारण तेथे नुसत्या व्यापारचिन्हांच्या कामावर प्रारंभी निर्वाह होत नाही आणि दिवाणी, कंपनी किंवा करविषयक कामाची जोड द्यावी लागते.

## नोंदणीचे काम

व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाचे मुख्यालय मुंबईत असून अहमदाबाद, चेन्नई, दिल्ली आणि कोलकाता येथे शाखा आहेत. महाराष्ट्रातील अर्जदार मुंबई कार्यालयाच्या क्षेत्रात येतात. संकल्पचित्रांची नोंदणी कोलकाता येथे आणि भौगोलिक मानांकनाची नोंदणी चेन्नई येथे होते.

व्यापारचिन्ह नियम, २०१७ नुसार अर्जाच्या नमुन्यांची संख्या ७४ वरून ८ पर्यंत कमी करण्यात आली. याच नियमांत ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गामागे ९,००० रुपये आणि व्यक्ती, नवउद्यम किंवा लघुउद्योग यांच्यासाठी ४,५०० रुपये असे शुल्क ठरवण्यात आले. वस्तू व सेवांचे एकूण ४५ वर्ग असून त्यांपैकी ३४ वस्तूंचे व ११ सेवांचे आहेत. वाहने १२ व्या वर्गात, यंत्रे ७ व्या वर्गात, औषधे ५ व्या वर्गात आणि कापड २४ व्या वर्गात येते. चुकीचा वर्ग निवडल्यास नोंदणी मिळूनही प्रत्यक्ष धंद्याला संरक्षण मिळत नाही.

अर्जानंतर परीक्षक आपला अहवाल देतो आणि त्यास ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. केवळ मालाचा गुण, प्रकार किंवा उगमस्थान सांगणारे नाव सामान्यतः नोंदवले जात नाही. म्हणून 'शुद्ध', 'उत्तम' यांसारखे शब्द किंवा पैठण, वेरूळ यांसारखी स्थलनामे एकट्याने नोंदवणे अवघड असते. अर्ज स्वीकारला गेल्यास चिन्ह नियतकालिकात प्रसिद्ध होते आणि त्यानंतर ४ महिन्यांत कोणीही हरकत घेऊ शकतो. हरकतीची प्रत मिळाल्यावर अर्जदाराने २ महिन्यांत प्रतिनिवेदन न दिल्यास अर्ज सोडून दिला असे मानले जाते. नोंदणी मिळाल्यावर तिचा परिणाम अर्जाच्या तारखेपासून होतो.

नोंदणी कार्यालयाचे कामकाज हिंदी व इंग्रजीतून चालते. मराठवाड्यातील लहान उत्पादकांची बिले, जाहिराती व पत्रव्यवहार मात्र अनेकदा मराठीत असतात. त्यामुळे अनुवाद, प्रतिज्ञापत्रे आणि जुन्या कागदांची तारीखवार मांडणी हा येथील वकिलाच्या कामाचा मोठा भाग ठरतो.

### आधीच्या वापराचा नियम

भारतीय कायद्यात नोंदणीपेक्षा आधीचा, सातत्याने केलेला वापर श्रेष्ठ मानला जातो. तिरुनेलवेली येथील 'इरुट्टुकडै हलवा' या मिठाईच्या नावावरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे तत्त्व स्पष्ट केले. नोंदणी हा हक्काचा प्रथमदर्शनी पुरावा असला, तरी आधीपासून नाव वापरणाऱ्याचा हक्क तिने हिरावला जात नाही.

लहान व्यावसायिकाच्या दृष्टीने हा नियम आधाराचा असला, तरी तो पुराव्यावर अवलंबून आहे. २० वर्षे एकाच नावाने माल विकूनही जुनी बिले, परवाने, छापील वेष्टने किंवा जाहिराती जपून ठेवल्या नसतील, तर आधीचा वापर सिद्ध करणे कठीण जाते. उलट, नंतर आलेल्या पण नोंदणी केलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे प्रमाणपत्र असते. त्यामुळे वाद उद्‌भवण्यापूर्वीच कागदपत्रांची जपणूक करण्याचा सल्ला देणे हे या व्यवसायातील एक महत्त्वाचे काम समजले जाते.

## न्यायालयीन काम

नोंदणीकृत चिन्हाच्या नकलेविरुद्ध उल्लंघनाचा दावा आणि नोंदणी नसलेल्या चिन्हाच्या बाबतीत पासिंग ऑफचा दावा करता येतो. न्यायालय मनाई हुकूम, नुकसानभरपाई किंवा प्रतिवादीने मिळवलेल्या नफ्याचा हिशेब देण्याचा आदेश देऊ शकते. खोटे व्यापारचिन्ह लावलेला माल विकणे हा फौजदारी गुन्हाही आहे. त्यासाठी ६ महिने ते ३ वर्षे कारावास आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. अशा प्रकरणात पोलिसांना झडती व जप्तीपूर्वी निबंधकाचे मत घ्यावे लागते.

दोन नावे फसवणूक होण्याइतकी सारखी आहेत का, हे ठरवण्याच्या कसोट्या मुख्यतः न्यायनिर्णयांतून घडल्या. 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या औषधांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये सामान्य बुद्धीच्या आणि अपुऱ्या स्मरणशक्तीच्या ग्राहकाची दृष्टी महत्त्वाची मानली. दोन्ही नावे शेजारी ठेवून सूक्ष्म तुलना करणे हे अशा ग्राहकाकडून अपेक्षित नसते. कॅडिला कंपन्यांमधील वादात २००१ मध्ये न्यायालयाने औषधांच्या नावांना अधिक कडक कसोटी लावावी असे सांगितले, कारण तेथील गोंधळ रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो.

### अधिकारक्षेत्र

दावा कोठे दाखल करता येतो हा प्रश्न लहान शहरातील पक्षकारासाठी खर्चाशी निगडित असतो. मुंबई उच्च न्यायालयाचे मूळ दिवाणी अधिकारक्षेत्र मुंबई शहरापुरते मर्यादित आहे. राज्याच्या अन्य भागांत व्यापारचिन्हाचा दावा जिल्हा न्यायालयाच्या पातळीवर दाखल होतो. वाणिज्य न्यायालय अधिनियम, २०१५ मध्ये बौद्धिक संपदेच्या वादांचा समावेश असून २०१८ च्या दुरुस्तीने किमान मूल्याची मर्यादा १ कोटी रुपयांवरून ३ लाख रुपयांवर आणण्यात आली. तातडीचा अंतरिम आदेश मागितला नसल्यास दाव्यापूर्वी मध्यस्थीची प्रक्रिया करणे बंधनकारक आहे.

व्यापारचिन्ह व प्रताधिकार कायद्यांनी वादीला आपण जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथे दावा दाखल करण्याची विशेष सवलत दिली आहे. मोठ्या कंपन्यांनी देशभर शाखा असल्याचा आधार घेऊन प्रतिवादीला दूरच्या शहरात खेचण्याचे प्रकार घडत. सर्वोच्च न्यायालयाने संजय दालिया प्रकरणात जुलै २०१५ मध्ये या सवलतीला मर्यादा घातली. वादीचे मुख्य कार्यालय ज्या ठिकाणी आहे तेथेच दाव्याचे कारणही घडले असेल, तर केवळ शाखा असलेल्या दूरच्या ठिकाणी दावा करता येत नाही.

मराठवाड्यातील जिल्ह्यांसह अहिल्यानगर, जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या क्षेत्रात येतात. हे खंडपीठ ऑगस्ट १९८१ मध्ये सुरू झाले आणि १९८४ मध्ये कायम झाले. उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ल्यूपिन विरुद्ध जॉन्सन अँड जॉन्सन प्रकरणात डिसेंबर २०१४ मध्ये दिलेला निर्णय राज्यातील सर्व जिल्हा न्यायालयांना मार्गदर्शक आहे. एखादी नोंदणी वरवर पाहताच बेकायदेशीर किंवा कपटाने मिळवलेली दिसत असेल, तर अंतरिम टप्प्यावरही न्यायालय तिच्या वैधतेचा विचार करू शकते, असे या निर्णयाचे सार आहे.

## वाळूज व बजाजनगर परिसर

वाळूज औद्योगिक क्षेत्र छत्रपती संभाजीनगर–पुणे मार्गावर आहे. बजाज ऑटोच्या येथील कारखान्याचे उद्घाटन १९८५ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झाले. या कारखान्याभोवती सुटे भाग पुरवणारे अनेक लघुउद्योग उभे राहिले आणि कामगारांच्या वस्तीतून बजाजनगर वाढले. वाहनांच्या सुट्या भागांशिवाय औषधनिर्मिती व मद्यनिर्मितीचे कारखानेही या क्षेत्रात आहेत. मराठवाडा लघुउद्योग व कृषी संघटना, म्हणजेच मसिआ, आणि मराठवाडा उद्योग व कृषी मंडळ, म्हणजेच सीएमआयए, या उद्योजकांच्या स्थानिक संघटना आहेत.

येथील लघुउद्योगांपुढील बौद्धिक संपदेचे प्रश्न त्यांच्या उत्पादनपद्धतीतून उद्भवतात. बहुसंख्य लहान कारखाने मोठ्या कंपनीने दिलेल्या रेखाटनानुसार जॉब वर्क करतात. भाग ते घडवतात, पण त्यावरील नाव दुसऱ्याचे असते. रेखाटन, साचा आणि उत्पादनपद्धतीतील सुधारणा यांची मालकी कोणाची, हे पुरवठा करारावर ठरते. कारागीर किंवा लहान उद्योजकाने केलेली सुधारणा करारातील एका कलमाने कंपनीची होऊ शकते. भारतात व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा नसल्याने गोपनीयतेचे संरक्षणही प्रामुख्याने कराराद्वारेच होते. म्हणून करारावर सही करण्यापूर्वीचा सल्ला नंतरच्या दाव्यापेक्षा अधिक उपयोगी ठरतो.

रेखाटनांबाबत आणखी एक तरतूद महत्त्वाची आहे. संकल्पचित्र म्हणून नोंदवता येण्याजोगी, पण न नोंदवलेली रचना औद्योगिक पद्धतीने ५० पेक्षा अधिक वेळा उत्पादित झाल्यास तिच्यावरील प्रताधिकार संपुष्टात येतो. नव्या आकाराचा भाग बाजारात आणणाऱ्या उद्योजकाने त्यापूर्वीच नोंदणीचा अर्ज करणे आवश्यक असते, कारण आधी प्रसिद्ध झालेले संकल्पचित्र नवे मानले जात नाही.

### सुट्या भागांवरील नाव

जॉब वर्ककडून स्वतःच्या नावाने सुटे भाग विकण्याकडे वळणाऱ्या उद्योगासमोर पहिला प्रश्न येतो तो वाहनाचे नाव वापरण्याचा. हा भाग कोणत्या गाडीला बसतो हे सांगितल्याशिवाय तो विकता येत नाही, आणि गाडीचे नाव तर दुसऱ्याचे नोंदणीकृत चिन्ह असते. व्यापारचिन्ह अधिनियमाच्या कलम ३० मध्ये यावर तोडगा आहे. एखादा भाग किंवा उपसाधन विशिष्ट वस्तूसाठी बनवले आहे हे दाखवण्यापुरता, वाजवी गरज असेल तितका, त्या चिन्हाचा वापर उल्लंघन ठरत नाही. अट अशी की, मूळ कंपनीशी व्यापारी संबंध असल्याचा खोटा समज त्यातून निर्माण होता कामा नये.

यामुळे स्वतःचे नाव ठळक छापून खाली 'अमुक गाडीसाठी योग्य' असे लिहिणे आणि गाडीचेच नाव, तिची अक्षरशैली व रंगसंगती वेष्टनावर मोठी छापणे यांत कायदेशीर फरक पडतो. पहिला वापर रास्त व्यापार समजला जातो, दुसरा नकली मालाच्या आरोपाला निमंत्रण देतो. ब्रेक किंवा क्लचसारख्या भागांत हा फरक वाहनचालकाच्या सुरक्षिततेशीही संबंधित आहे. वकील येथे दोन्ही बाजूंनी काम करतो. तो नकली मालाविरुद्ध मूळ उत्पादकाची बाजू मांडतो, तसेच प्रामाणिक पर्यायी उत्पादकाला अवाजवी नोटिशीपासून वाचवतो.

## उल्लेखनीय वाद

### बजाज ऑटो विरुद्ध टीव्हीएस मोटर

भारतीय पेटंट कायद्याच्या इतिहासात गाजलेला हा वाद लहान क्षमतेच्या चार स्ट्रोक इंजिनात दोन स्पार्क प्लग वापरण्याच्या तंत्राविषयी होता. बजाज ऑटोने १६ जुलै २००२ रोजी अर्ज केला आणि जुलै २००५ मध्ये तिला पेटंट क्रमांक १९५९०४ मिळाला. हे तंत्र 'डीटीएस-आय' या नावाने बाजारात आले. टीव्हीएसने २००७ मध्ये 'फ्लेम' ही १२५ सीसीची मोटारसायकल सादर केल्यावर वाद सुरू झाला. टीव्हीएसने पेटंट रद्द करण्याचा अर्ज केला आणि निराधार धमक्यांविरुद्ध दावा दाखल केला, तर बजाजने उल्लंघनाचा दावा केला.

मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी फेब्रुवारी २००८ मध्ये बजाजच्या बाजूने अंतरिम मनाई हुकूम दिला. विभागीय पीठाने मे २००९ मध्ये तो रद्द केला. टीव्हीएसच्या इंजिनात तीन झडपा होत्या, हा मुद्दा पेटंटच्या दाव्यांचा अर्थ लावताना महत्त्वाचा ठरला. सर्वोच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २००९ रोजी टीव्हीएसला विक्रीचा हिशेब ठेवण्याच्या अटीवर विक्रीस मुभा दिली. त्याच आदेशात व्यापारचिन्ह, प्रताधिकार आणि पेटंट यांचे दावे दररोज सुनावणी घेऊन दाखल झाल्यापासून ४ महिन्यांत निकाली काढावेत, असे निर्देशही दिले. असे असूनही या दोन कंपन्यांमधील वाद २०१९ मध्ये समझोत्याने मिटला.

या वादातून व्यवसायाविषयी दोन गोष्टी स्पष्ट होतात. तांत्रिक वादात इंजिनाची रचना समजणारा वकील अपरिहार्य असतो. तसेच अंतरिम आदेशावरच वर्षानुवर्षे लढा चालतो आणि मूळ हक्काचा अंतिम निर्णय न होताही प्रकरण संपू शकते. उत्पादनाचे आयुष्य अनेकदा खटल्याच्या आयुष्यापेक्षा कमी असते.

### 'बजाज' आडनावाचा वाद

१९८० च्या दशकात बजाज इलेक्ट्रिकल्सने स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांवर 'बजाज' हे नाव वापरणाऱ्या उत्पादकाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात पासिंग ऑफचा दावा केला. ते आपले कौटुंबिक आडनाव असल्याचा बचाव प्रतिवादीने घेतला. न्यायालयाने तो मान्य न करता मनाई हुकूम दिला. स्वतःच्या नावाने प्रामाणिकपणे व्यवसाय करण्याची मोकळीक कायद्यात असली, तरी दुसऱ्याच्या नावलौकिकाचा लाभ घेण्यासाठी आडनाव पुढे करता येत नाही, या मुद्द्यासाठी हा निर्णय उद्धृत केला जातो.

## भौगोलिक मानांकन

भौगोलिक मानांकनात हक्क एका व्यक्तीचा किंवा कंपनीचा नसून विशिष्ट प्रदेशातील उत्पादकांचा असतो. अर्ज त्यांच्या संघटनेने किंवा संस्थेने करावा लागतो. पैठणी, मराठवाड्याचा केशर आंबा, जालन्याची मोसंबी आणि बीडचे सीताफळ ही या विभागाशी संबंधित मानांकने आहेत. अर्जात उत्पादनाचा इतिहास, भौगोलिक सीमा, गुणवैशिष्ट्ये व ती त्या प्रदेशातूनच का येतात याचे पुरावे द्यावे लागतात. त्यामुळे वकिलाला विणकर, शेतकरी, कृषितज्ज्ञ आणि इतिहासाचे अभ्यासक यांच्यासह काम करावे लागते.

मानांकन मिळाल्यावर प्रत्येक उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करता येते. हे मानांकन विकता, गहाण ठेवता किंवा परवान्याने दुसऱ्याला देता येत नाही. अधिकृत वापरकर्त्यांची नोंद आणि बाजारातील देखरेख नसल्यास मानांकनाचा लाभ प्रत्यक्ष उत्पादकापर्यंत पोहोचत नाही. यंत्रमागावरील कापड हातमागाची पैठणी म्हणून विकले जाते तेव्हा नुकसान विणकराच्या मजुरीचे होते. म्हणून प्रमाणपत्र मिळाल्यानंतरचा पाठपुरावा हा या कामाचा तितकाच आवश्यक भाग आहे.

## व्यावसायिक नीती

भारतीय वकील परिषदेच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही आणि निकालाच्या फलितावर अवलंबून असलेले शुल्क ठरवता येत नाही. त्यामुळे वकिलाकडे येणारे काम बहुतांशी जुन्या ग्राहकांच्या, सनदी लेखापालांच्या आणि उद्योजक संघटनांच्या ओळखीतून येते. एकाच औद्योगिक वसाहतीत मोठी कंपनी व तिचे पुरवठादार हे दोघेही संभाव्य ग्राहक असल्याने हितसंबंधांचा संघर्ष टाळणे विशेष महत्त्वाचे असते. ग्राहकाने सांगितलेली उत्पादनपद्धती किंवा नवी कल्पना गुप्त ठेवणे हे वकिलावर बंधनकारक आहे.

नोंदणी झालेली नसताना चिन्ह नोंदणीकृत असल्याचे दर्शवणे कायद्याने दंडनीय आहे. अर्ज दाखल होणे आणि नोंदणी होणे यांतील फरक ग्राहकाला समजावून देणे हेही वकिलाचे कर्तव्य मानले जाते.

## मर्यादा व बदलते स्वरूप

ऑनलाइन अर्जपद्धतीमुळे मुंबईला न जाता अर्ज दाखल करता येतो आणि सुनावणीही दूरदृश्य प्रणालीद्वारे होते. त्यामुळे साध्या अर्जाचे काम सनदी लेखापाल, कंपनी सचिव आणि इंटरनेटवरील सेवा देणाऱ्या संस्थांच्या माध्यमातूनही होऊ लागले आहे. वकिलाचे वेगळेपण आता शोधाचा अर्थ लावणे, हरकतींना उत्तर देणे, करार तपासणे आणि न्यायालयात बाजू मांडणे यांत अधिक दिसते. भारत ८ जुलै २०१३ पासून माद्रिद प्रोटोकॉलचा सदस्य असल्याने निर्यातदाराला एकाच अर्जाद्वारे अनेक देशांत संरक्षण मागता येते. निर्यातीकडे वळणाऱ्या लघुउद्योगांसाठी हे काम वाढते आहे.

नोंदणीनंतर सलग ५ वर्षांहून अधिक काळ चिन्हाचा वापर न केल्यास ते नोंदवहीतून काढून टाकण्याची मागणी करता येते. त्यामुळे केवळ अडवून ठेवण्यासाठी नावे नोंदवण्याला मर्यादा येते. दुसरीकडे, दीर्घकाळ चालणाऱ्या दाव्यांचा खर्च लहान उद्योगांना पेलणे अवघड असते आणि मोठ्या कंपनीच्या केवळ नोटिशीमुळे नाव बदलल्याची उदाहरणे घडतात. अशा वेळी आधीच्या वापराचे पुरावे, वेळेवर केलेला अर्ज आणि स्थानिक न्यायालयातील दाव्याची शक्यता या तीन गोष्टींवर लहान उत्पादकाची बाजू टिकून राहते. औद्योगिक वसाहतीतील बौद्धिक संपदा वकिलाची उपयुक्तता मुख्यतः या तिन्हींची तजवीज आधीच करून ठेवण्यात असते.